ऑरिनला पोचवायला जाताना

दुपारपर्यंत तुरुंगात हजर व्हायचं होतं आणि ऑरिनला वाटेतल्या प्रत्येक व्ह्यू पॉइंटला उतरायचं होतं.

"इथं घे जरा बाजूला," तो म्हणाला.

त्याच्या बहिणीने, व्हर्लाने, पिकअप बाजूला घेतली. खाली पांढरट-तांबडा खडक पार क्षितिजापर्यंत पसरला होता. दोघांचा जन्म जवळच्याच एस्कलांटे गावचा, अख्खं आयुष्य याच रस्त्यावर गेलेलं. ऑरिन तर खडीचा ट्रक घेऊन रोज इथून जायचा. पण थांबून बघणं हे पर्यटकांचं काम, असंच घरात सगळे मानत आले होते.

"लहानपणी आपण कधी उतरलो होतो का गं इथं?"

"बाबा उतरू देतायत! 'दगड काय परसातही आहेत,' म्हणायचे."

तो हसला. कितीतरी महिन्यांनी त्याचं हसू ऐकून व्हर्लाला बरं वाटलं नाही, उलट रागच आला. मार्चमध्ये दारूच्या नशेत त्याने जेनेलला ट्रकखाली चिरडलं होतं. जेनेल शेजारच्यांची मुलगी, व्हर्लाकडे पियानो शिकायला यायची. तेव्हापासून चर्चमध्ये व्हर्लाच्या बाकावर कुणी बसत नव्हतं. निकाल लागेपर्यंत भाऊ तिच्याच घरी राहिला. ती त्याला दोन वेळा जेवायला वाढायची, पण त्याच्या तोंडाकडे बघायची नाही.

पुढच्या थांब्यावर कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन फिरणारं एक म्हातारं जोडपं भेटलं. सकाळपासून दोन्ही गाड्यांची गाठ पडत होती.

"परत तुम्हीच!" म्हातारी खुशीत म्हणाली. "नवरा-बायको का?"

"बहीण-भाऊ," व्हर्ला म्हणाली.

"अगंबाई, या वयात एकत्र फिरता? सुट्टी काढलीत वाटतं?"

"काढली ना," ऑरिन म्हणाला. "चांगली लांबलचक."

"नशीबवान आहात!" म्हातारा म्हणाला आणि त्याने हौसेने दोघांचा फोटो काढला. ऑरिनने व्हर्लाच्या खांद्यावर हात टाकला. फोटो होईपर्यंत तिने तो राहू दिला.

गाडीत बसल्यावर ती उसळली, "लाज नाही वाटत थट्टा करायला?"

"मग काय सांगू? मुलगी मारली, आता आत चाललोय, तेवढ्यात म्हटलं दोन फोटो काढू?"

तिने गाडी परत रस्त्यावर घेतली. रस्ता डोंगराच्या अरुंद धारेवरून जाऊ लागला, दोन्ही अंगांना सरळ खोल दरी.

"एवढं एकच," ऑरिन म्हणाला.

"उशीर होईल रे."

"उशिरा गेलो तर परत पाठवतील होय?"

तो उतरला आणि मोठ्या खडकाला वळसा घालून पलीकडे दिसेनासा झाला. व्हर्ला काच खाली करून बसून राहिली. वारा सुटला होता. तेवढ्यात काहीतरी जड घरंगळत गेल्याचा आवाज आला, खाली खाली गेला आणि थांबला.

तिने दाराच्या कडीला हात घातला, पण तिने दार उघडलं नाही. हाक मारायला हवी होती. नाव ओठांवर येऊन तिथंच राहिलं. मनात एवढंच आलं की सुटला. तो सुटला, मी सुटले, जेनेलची आई सुटली. छाती हलकी झाली आणि त्या हलकेपणाची तिला भीती वाटली. तरी ती उठली नाही.

बऱ्याच वेळाने ऑरिन खडकामागून आला. पँटला लागलेली माती झटकत तो तिच्या शेजारी बसला. तिने गाडी सुरू केली.

गाडी डोंगर चढून उतरली. मग ऑरिन समोर बघतच म्हणाला, "धोंडा मीच ढकलला होता. तू हाक मारतेस का, बघत होतो."

"आवाज ऐकला मी," व्हर्ला म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही.

"हं."

तुरुंगाच्या फाटकाशी त्याने पट्टा आणि पाकीट काढून सीटवर ठेवलं. "नीट जा," म्हणाला आणि आत गेला.

भेटीच्या पहिल्याच रविवारी व्हर्ला लेमन केक घेऊन गेली. केक फाटकावरच ठेवून घेतला. ती बाकावर थांबली. पहारेकरी आतून येऊन म्हणाला, "बाई, तो यायला तयार नाही."

"बरं. मी आले होते, तेवढं सांगा."

पुढच्या रविवारीही तेच झालं. त्याच्यापुढच्याही. हिवाळ्यात बर्फाने घाट बंद होईपर्यंत ती जात राहिली.