जुनी कुणाकडे

निळा मणी. धुळीच्या राखाडी थरात अर्धा रुतलेला, पंख्याच्या पात्याखाली, ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा... कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा एका बाजूचा पत्रा काढून ठेवला होता आणि उन्मेष गुडघ्यांवर बसून आत बघत राहिला होता. हा आत कसा गेला ते कुणाला विचारायची गरज नव्हती — बाजूच्या जाळीतून संयू काय वाट्टेल ते आत सोडायची, टिकल्या, साबुदाणे, एकदा तर एसटीचं तिकीट बारीक घडी घालून, आणि रागावलं की म्हणायची, पप्पा, त्याला भूक लागली होती. दोन वर्षं आपण याच्यासमोर बसून लाइटची बिलं भरतोय, कंपनीची ड्रॉइंगं काढतोय, आणि हा इथं वीतभर अंतरावर पडून. एकदा उघडून बघावंसं वाटलं नाही. आणि म्हणे बाप.

"ब्लोअर मारू काय, दादा?" बाळासोनं विचारलं. "लई धूळ बसलीय."

"थांब जरा." उन्मेषनं मणी चिमटीत धरून काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. बाळासोनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. राजारामपुरीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. उन्मेष ज्या फाउंड्रीत डिझाइनला आहे तिथली सगळी मशिनं तोच बघतो, म्हणून आज फुलेवाडीपर्यंत घरी आला होता. एरवी बोलावून येणारातला तो नव्हे.

काम तसं साधं होतं. जुनी हार्डडिस्क मरायला टेकली होती — कर्र करायची, मग टक, मग पुन्हा कर्र — ती पुरती बसायच्या आत तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं नव्या एसएसडीवर उतरवून घ्यायचं. विंडोज, प्रोग्रॅम, फायली, पडद्यावर कुठलं चित्र कुठल्या कोपऱ्यात ठेवलंय तेसुद्धा. "क्लोन म्हंत्यात ह्याला," बाळासो नवी डिस्क वायरीला जोडत म्हणाला, "आत बसलेल्याला कळत बी न्हाय घर बदललं म्हणून." मग त्यानं कॉम्प्युटर लावला, पडद्याकडे बघितलं आणि सवयीनं बोलून गेला, "हे दुसरं एक अकाउंट हाय बघा. संयू. जागा लई खातंय. वापरात नसलं तर आधी काढून..."

वाक्य तिथंच थांबलं. फाउंड्रीत सगळ्यांना माहीत होतं.

"राहू दे," उन्मेष म्हणाला. "त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं."

त्याच्यासाठीच. संयू, एकुलती एक, तिसरीत होती, तापाचं निमित्त झालं आणि गेली. त्यानंतर क्रांती काही महिने या घरात राहिली आणि मग वारणानगरला भावाकडे, राजवर्धनकडे, निघून गेली. तिथल्या शाळेत तिची नोकरी होतीच, रोजची एसटी वाचेल असं शेजाऱ्यांना सांगायला कारणही होतं. आता कारणांची गरज उरली नव्हती. दोघांनी मिळून कोर्टात अर्ज दिला होता, भांडण नाही, तंटा नाही, वकीलसुद्धा म्हणाला की इतकं समजुतीनं फार कमी लोक वेगळे होतात. समजुतीनं... फ्रिज नको म्हणाली, कपाट नको, लग्नातली भांडी नकोत. संयूचा कॉम्प्युटर मात्र मलाही पाहिजे, म्हणाली, नुसते फोटो नकोत, तिनं उघडलं की तिला जसं दिसायचं तसं सगळं पाहिजे. आता कॉम्प्युटर काय मधोमध कापता येतो? पण हे येतं. सबंध घरात ही एकच वस्तू अशी निघाली की जी दोघांना वाटून दिली तरी दोघांना पुरी मिळणार.

आणि उन्मेष फोनवर केवढ्या मोठेपणानं म्हणाला होता — नवीकोरी तुला देतो, दहा वर्षं बघायला नको. जुनी काय, आज आहे उद्या नाही, ती राहू दे माझ्याकडे. क्रांती नुसतं 'बघू' म्हणाली होती. त्याला वाटलं होतं निदान बरं वाटलं म्हणेल. पण त्याला स्वतःला आतून ठाऊक होतं की हा मोठेपणा नव्हे, ही चोरी आहे. त्याला जुनीच हवी होती. संयूनं रंगवलेले ते वेडेवाकडे मोर, तिनं दोन बोटांनी टाइप केलेलं तिचं नाव, ते सगळं खरोखर उमटलं होतं ते या लोखंडावर. नवीवर जाईल ती नक्कल. डिझाइनचा माणूस तो, त्याला पक्कं कळत होतं की दोन्हींत तिळाचा फरक नसतो. कळून करायचं काय?

"हे बघा, आता हलवू नका, लाइट जाऊ दे न्हायतर राहू दे, यूपीएस हाय," बाळासो पिशवी आवरत म्हणाला. "जेवणाच्या वक्ताला होऊन जाईल. झालं की बंद करायचं, जुनी काढायची, नवी तिच्या जागी बसवायची. दोन्ही एकदम लावून मशीन चालू करू नका हां. दोघींची खूण एकच झालेली असत्या. मशीन एकीला धरतंय आन् दुसरीला ओळखच देत न्हाय."

"का? जागा तर आहे की दोघींना."

"जागा असून काय उपयोग," बाळासो म्हणाला आणि चपला घालून गेला.

मग नुसती ती पट्टी. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती, सरकत कसली, बसल्या जागी तिष्ठत होती, आणि आतून कर्र... टक. प्रत्येक टकला उन्मेष पट्टीवरचा आकडा वाचायचा. आत्ता बसली तर? चौदा टक्क्यांवर बसली तर मोर येतील आणि नाव जाईल, का नाव येईल आणि मोर जातील? शेजारच्यांनी मिक्सर लावला, दिवा मिणमिणला, यूपीएस ओरडला, त्यानं उगाच कॅबिनेटवर हात ठेवला, तापात ठेवायचा तसा. पत्रा गरम होता. तेव्हाही त्यानं असाच हात ठेवला होता आणि क्रांती म्हणत होती, जाऊया आत्ताच दवाखान्यात, आणि गेले होते, वेळेतच गेले होते, कुणाचं काही चुकलं नव्हतं. चुकलं असतं तर बरं झालं असतं. निदान एकमेकांवर ओरडता तरी आलं असतं.

त्याऐवजी दोघं गप्प झाली. या खोलीत तो आणि त्या खोलीत ती. तो संध्याकाळी कामावरून यायचा आणि कॉम्प्युटर लावून संयूच्या नावावर टिचकी मारायचा — काही करायचा नाही, नुसता बघत बसायचा — आणि विंडोजचा तो सुरू होण्याचा सूर वाजला की पलीकडे क्रांती दार लावून घ्यायची. लावून घेते म्हणजे काय? मला वाटायचं, हिला सहनच कसं होतं असं दार लावून घेणं. आणि ते कपडे... बारावं-तेरावं व्हायच्या आधीच तिनं संयूचे सगळे कपडे धुतले होते. फ्रॉक, गणवेश, उशीचा अभ्रा. सर्फ घालून, पिळून, दोरीवर ओळीनं वाळत घातले होते. मी त्या अभ्र्यात तोंड खुपसलं तर साबणाचा वास. त्या दिवशी मी हिच्याशी मनातल्या मनात संबंध तोडला, कोर्टात तर आत्ता गेलो. दगड आहे ही, असं तेव्हा वाटलं, आणि खरं सांगायचं तर आज सकाळपर्यंत वाटत होतं.

पट्टी भरली. झालं असं इंग्रजीत आलं, एवढंच. उन्मेषनं कॉम्प्युटर बंद केला, स्क्रू काढले, जुनी डिस्क हळूच ओढून घेतली. कोमट होती, हाताला जड. कडेच्या पट्टीवर तांबूस डाग दिसला; गंज चढायला लागला म्हणायचा, असं मनात आलं आणि त्यानं ती धुतलेल्या नॅपकिनात गुंडाळून टेबलावर ठेवली. नवी तिच्या जागी बसवून लावून बघितली. क्षणात सुरू झाली, आवाज नाही, काही नाही. संयूचं नाव आलं. मोर होते, नाव होतं, सगळं होतं. त्याला फार बरं वाटायला पाहिजे होतं. पुन्हा बंद करून तो नवी खोक्यात घालत होता तोच फोन वाजला.

"झालं का?" क्रांती. मागं मुलांचा गलका होता. मधली सुट्टी असावी.

"झालं, आत्ताच. सगळं आलंय. नवी खोक्यात घालतोय, राजवर्धन संध्याकाळी आला की देतो त्याच्याकडे."

"नवी नको."

"म्हणजे?"

"नवी तुम्हाला राहू दे. मला जुनी द्या."

त्याला पकडला गेल्यासारखं झालं होतं. "अगं, ती बंद पडायला आलीय. काही भरवसा नाही तिचा."

"माहीत आहे मला."

"मग घेऊन करणार काय?"

"बंद पडली तर पडू दे की. मी ती कशाला लावणारच नाही." गलक्यातून बाजूला कुठंतरी आली असावी, आवाज जवळून आला. "अहो, तिच्यावर बोट आहे संयूचं. खंडेनवमीचं. कडेच्या पट्टीवर कुंकू लावलं होतं बघा तिनं. तुम्ही पुसलं तर नाही ना?"

"नाही," तो म्हणाला. नॅपकीन हातात आला होता.

"पुसू नका. कपडे धुतले तेव्हा मला भान नव्हतं. काहीतरी हातानं करत राहिलं नाही तर वेड लागेल असं वाटलं, आणि धुऊन बसले. वाळल्यावर हुंगून बघितलं तेव्हा कळलं काय केलं ते." आवाज तसाच, सरळ, वर्गात हजेरी घेतल्यासारखा. "हे तरी माझ्याकडे असू दे. बघा, तुम्ही ठरवा. घंटा झाली, ठेवते."

त्यानं डिस्क उजेडात धरली. गंज नव्हता. बारीक, तिरपं, खाली ओघळलेलं बोट. आणि मग ते सगळं आलं — खंडेनवमी, तो कॅबिनेट उघडून साफ करत होता, क्रांती तबक घेऊन उभी होती, संयू विचारत होती की सगळ्यांच्या हत्यारांची पूजा करायची तर पप्पांचं हत्यार कुठलं, हा डबा का? तो म्हणाला होता, डबा नुसता डबा, सगळं असतं ते या आतल्या डिस्कमध्ये. मग बाहेरून कशाला लावायचं, असं म्हणून तिनं बोट सरळ आत घातलं होतं. क्रांती ओरडली होती, अगं शॉक बसेल. वायर काढलेली होती. तिघं हसली होती.

आणि हे तो विसरला होता. रोज समोर बसून, दोन वर्षं दुःख उराशी धरून, हे बोट त्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं. हातात घेऊन गंज म्हणाला. लक्षात कुणाच्या होतं, तर जिला तो दगड म्हणत होता तिच्या.

टेबलावर दोन्ही होत्या आता, खोक्यातली आणि नॅपकिनातली, आणि राजवर्धन संध्याकाळी येणार होता. जुनी द्यावी असं उन्मेषला अजूनही वाटत नव्हतं. उलट आता तर ती हातातून सुटू नये असं वाटत होतं, सकाळपेक्षा जास्तच. पण मनात दुसरंच काहीतरी शिरलं होतं आणि ते हलत नव्हतं. तो मघाचा गलका. क्रांती रोज त्या गलक्यात उभी असते — तिसरीचा वर्ग आहे तिच्याकडे, हे त्याला माहीत होतं, ती बोलली होती कधीतरी, आणि त्यानं बरं म्हटलं होतं. रोज सकाळी संयूएवढ्याच उंचीच्या चाळीसभर पोरी तिच्यासमोर उठून उभ्या राहतात आणि ती त्यांना बसा म्हणते. माझी मुलगी गेली, माझी मुलगी गेली, असं तो दोन वर्षं स्वतःशी म्हणत आला होता, लोकांनीही त्याच्याच पाठीवर हात ठेवला होता... क्रांतीचीही मुलगी गेली होती. इतकी साधी गोष्ट, आणि ती त्याला आज, दुपारी, या टेबलाशी कळत होती. त्याला रडू आलं, आणि हे रडू संयूसाठीचं नव्हतं, ते वेगळं होतं, त्याची त्याला ओळख नव्हती. फोन अजून हातातच होता. पुन्हा लावावा आणि विचारावं, असं त्याला वाटत राहिलं. काय विचारायचं ते काही फार मोठं नव्हतं. एवढंच, की तू जेवलीस का, आणि हे त्यानं तिला संयू गेल्यापासून एकदाही विचारलं नव्हतं.