चांगल्या गुडघ्यावरचा बाण

त्या दवाखान्यात शिरल्यापासून मला स्वतःला कुणी काही विचारलं असेल तर ते एवढंच, की आजी, बाथरूमला जायचंय का. बाकीचे सगळे प्रश्न माझ्या डोक्यावरून मुलाकडे जायचे. आजींना साखर आहे का, आजींना झोप लागते का, आजींना ऐकू येतं का. मी समोर बसलेली, केस नीट बांधून, चष्मा पुसून, आणि ज्याला अजून धड मिशी फुटली नव्हती असा तो छोटा डॉक्टर माझ्या मुलाला विचारतो, मला ऐकू येतं का. मी म्हटलं, येतं. त्यावर तो मुलाकडे बघून म्हणाला, वा, छान येतं की.

दवाखाना देखणा, हे नाकारत नाही. काचेचं दार आपलं आपण उघडायचं. आत माशांची मोठी पेटी होती. सबंध इमारतीत तब्येतीने ठणठणीत म्हणावेत असे तेवढेच. जो तो हसायचा. रक्त काढायला आलेली हसली, शिरा सापडेना म्हणून तिसऱ्यांदा टोचतानाही हसली. आणि सगळ्यांची बोलायची एक तऱ्हा होती. आपण आता इंजेक्शन घेऊ या. आपण उद्या उपाशी राहू या. म्हणजे उपाशी मी राहायचं, आणि 'आपण' म्हणणारा कँटीनमध्ये जायचा.

मी गेले होते गुडघा बदलायला. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर्षभर मी खाली उतरले नव्हते. माझ्या घरात मीठ किती आणायचं इथपासून कुणाचं लग्न कुणाशी इथपर्यंत मला विचारल्याशिवाय होत नाही, पण रस्त्यावर काय चाललंय ते मला खिडकीतून बघावं लागायचं. मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचे फोटो पाहिले आणि सांगितलं, दोन्ही झिजलेत, पण वय बघता एका वेळी एकच. जो जास्त छळतो तो आधी. दुसऱ्याला वर्षभर तरी हात लावायचा नाही.

आता कुठला छळतो ते कुणाला ठाऊक असणार? गुडघा ज्याचा त्याला. पण मी तेव्हा आतल्या खोलीत होते, रक्तदाब मोजणारीच्या ताब्यात. म्हणून त्यांनी सुनेला विचारलं. सून म्हणाली, उजवा. दोन वर्षं रोज मीच तेल लावून चोळते ना.

ती खोटं बोलली नाही. दोन वर्षं ती संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन यायची आणि मी उजवा पाय पुढे करायची. डावा पांघरुणात. कारण डाव्याला वारा लागला तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, त्याला मी कुणाला हात लावू देते? आणि नको म्हणावं तर म्हातारीचे नखरे म्हणतील. तेव्हा उजवा चोळून घेतला. तिच्या हाताला गुण आहे, उजवा खरोखर सुधारला.

मग कागद आला. चार पानं, अक्षरं मुंगीएवढी. इथे सही करा आजी, असं म्हणून छोटा डॉक्टर बोट दाखवून उभा राहिला. मी चौथी नापास. मोठ्या अक्षरातलं वाचते, तेही ओठ हलवत, आणि सुनेसमोर ओठ हलवायचे नाहीत हा माझ्या घरातला माझा नियम. ती शिकलेली, पदवीवाली. मी चष्मा चढवला, एकेका पानावर शोभेल इतका वेळ नजर ठेवली, मध्ये एकदा भुवई उचलली आणि सही ठोकली. सही माझी झोकदार आहे. कागदावर उजवा लिहिलाय की कोपर, मला काय कळणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला तो झगा घातला, मागून उघडा असतो तो. ज्याने तो शिवला त्याला आई नसणार. मग एक नर्स जाड जांभळं पेन घेऊन आली आणि माझ्या उजव्या मांडीवर तिने बाण काढला, टोक गुडघ्याकडे.

मी म्हटलं, बाई, हा नव्हे, तो.

तिने हातातला कागद पाहिला. "आजी, इथे उजवा आहे. खाली सही तुमचीच. वाचून केलीत ना?"

सून उशाशी बसलेली. मुलगा दाराशी.

"वाचूनच केली," मी म्हटलं.

ही माझी जीभ. साठ वर्षं तिने मला कुठे हरू दिलं नाही, त्या दिवशी तिनेच गळा धरला.

मग झालं तर, नर्स म्हणाली. तिने छोट्या डॉक्टरला हाक मारली. तो आला आणि अर्थातच मुलाशी बोलला. आजी घाबरल्यात, ऑपरेशनच्या आधी होतं असं, काहींना स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. शांत वाटायची गोळी देऊ. मुलगा मान हलवत होता. आई, तू माझ्यासमोर वाचलंस, तो म्हणाला, चांगली दहा मिनिटं वाचत होतीस. मी म्हटलं, डावा दुखतो. तो म्हणाला, हो, दोन्ही दुखतात, डॉक्टर म्हणालेच होते.

गोळी हातात ठेवून सगळे ढकलगाडी आणायला गेले. सून तेवढी थांबली. मी गोळी मुठीत धरून बसले. घेतली असती तर तासाभरात उजवा कापला असता, बरा होता तो. मग जखमी उजवा आणि सडका डावा, असे दोन पाय घेऊन वर्षभर तिसऱ्या मजल्यावर. चालणं तर सोडाच, उठून उभं राहायला चार माणसं लागली असती.

पडद्यापलीकडच्या खाटेवर एक शिंपीण होती, पित्ताशय काढायला आलेली. तिने आमचं सगळं ऐकलं होतं. पडदा कापडाचाच, त्याला काय भिंतीची लाज. ती तिकडून म्हणाली, "आजीबाई, कापड कापल्यावर माप चुकलं म्हणून काय उपयोग? काय ते आत्ता बोला."

तोवर गाडी आली, माणसं आली. मी सुनेकडे पाहिलं. हिच्यापुढे बोलायचं, म्हणजे उद्या स्वयंपाकघरात मी सांगितलेलं कोण ऐकणार, असंही मनात आलं. आणि मग म्हटलं, जाऊ दे, ऐकवायला आधी स्वयंपाकघरात चालत तर जायला हवं.

"मी तो कागद वाचला नाही," मी म्हटलं. "मला वाचता येत नाही एवढं बारीक. मोठंही नीट येत नाही. नुसती बघत बसले होते."

छोट्या डॉक्टरने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

सुनेचं तोंड पांढरं पडलं. ती हळूच म्हणाली, "आणि मग दोन वर्षं मी कुठला पाय चोळत होते, आई?"

"चांगला," मी म्हटलं. "म्हणून तर चांगला राहिला."

मला वाटलं, रडेल. ती उठली, नर्सच्या हातातला कागद तिने अक्षरशः ओढून घेतला आणि वाचायला तोंड उघडलं. मी तिला थांबवलं. म्हटलं, तू नको. ज्यांनी लिहिलाय त्यांना वाचू दे. मोठ्या डॉक्टरांना बोलवा, तोवर मी या गाडीवर चढत नाही, आणि मला उचलायला येणाराने आपले दात सांभाळावेत.

मोठे डॉक्टर आले, टोपी घातलेली, मास्क गळ्यात. म्हणाले, काय झालं आपल्याला? मी म्हटलं, तुम्हाला काही नाही झालं, मला होणार होतं. बसा.

त्यांना बसायची सवय नव्हती. त्या दवाखान्यात मोठा डॉक्टर खाटेशी दोन मिनिटांच्या वर टेकत नाही. पण बसले. आधी दोन्ही गुडघ्यांना हात लावून पाहिला. उजव्याला मी गप्प राहिले. डाव्याला बोट लागलं मात्र, माझ्या तोंडून असा शब्द गेला की शिंपीण पलीकडे पोट धरून हसली आणि मग आई गं म्हणाली. डॉक्टरांनी छोट्याकडे नुसतं पाहिलं. छोटा माझ्या बाणाकडे बघू लागला, जणू तो आपोआप उगवला होता.

मग चार पानं वाचली त्यांनी, मोठ्याने. मी प्रत्येक ओळीला अर्थ विचारला. 'गुंतागुंत' म्हणजे काय, ते तीनदा. एके ठिकाणी त्यांनाही अर्थ सांगता येईना, म्हणाले, हे सगळीकडे लिहितातच. मी म्हटलं, खोडा. खोडलं. मुलगा घड्याळ बघत होता, त्याला मी बाहेर पाठवला. नवा कागद झाला, डावा लिहिलेला. त्या शब्दावर मी बोट ठेवलं आणि वाचला, ओठ हलवून, सगळ्यांदेखत. डा. वा. सगळी माझ्या ओठांकडे बघत होती. बघू देत. सही केली ती मात्र नेहमीसारखी झोकदार आली नाही.

उजव्या मांडीवरचा बाण नर्सने स्पिरिट लावून घासला. पुरता निघाला नाही. डाव्यावर नवा काढला, मी सांगेन तिथे.

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी भूल देणारा डॉक्टर उभा होता. तो नवा, त्याला यातलं काही माहीत नाही. त्याने माझ्या गाडीच्या कडेने चालणाऱ्या सुनेला विचारलं, आजींचा कुठला गुडघा?

सुनेने उत्तर दिलं नाही. गाडीचा दांडा धरून ती नुसती उभी राहिली. त्याने पुन्हा विचारलं. तरी गप्प. बाई बहिरी आहे की काय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

शेवटी वैतागून त्याने खाली माझ्याकडे पाहिलं.

"डावा," मी म्हटलं.