पितृपक्षातला इसार

घराचा भाव कुंदाच्या पुढे पुढे चालायचा. लग्न झालं तेव्हा शीवला जागा परवडत होती. विद्याधर विचार करीपर्यंत शीव महागलं. मग घाटकोपर. तिथला प्लॉट मागच्या भाद्रपदात दोघांना पसंत पडला, पण पितृपक्षात इसार कसा द्यायचा, म्हणून विद्याधर दसऱ्यापर्यंत थांबला. दसऱ्याला पेढे घेऊन गेला, तर त्याच्यासारखेच थांबलेले पाच-सहा जण पेढ्यांचे पुडे मांडीवर घेऊन मालकाच्या ओट्यावर बसलेले. मालकाने दीडपट भाव सांगितला. विद्याधर पेढे घेऊन परत आला.

आता उरलं होतं मुलुंड. तिथे भिकाजी पाटलाने भातशेतीच्या कडेला चार प्लॉट पाडले होते. दादरच्या एका खोलीत दोन मुलं आणि सासूबाई. कुंदाला स्वतःचं दार हवं होतं, पुढे तुळस मावेल एवढं.

"दसऱ्यालाच देऊ इसार," विद्याधर म्हणाला. "थोडे दिवस तर राहिलेत."

"म्हणजे यंदाही पेढे घरीच खायचे."

"अगं, पितृपक्षात जागा घेतलेली ऐकलीयस कधी? पितर काय म्हणतील?"

"तुमचे वडील भाड्याच्या खोलीत गेले. त्यांनाच विचारा ना. सध्या आलेलेच आहेत घरी."

 विद्याधरने खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली.

दोघं मुलुंडला पोचली तेव्हा भात निसवलं होतं. वारा आला की सगळं शेत एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचं, झोपेतल्या बाळासारखं. भिकाजी छपरावर कावळ्याला पान ठेवून नुकताच खाली उतरला होता.

"बाई, आज माज्या बापाचा दिस," तो म्हणाला. "आज इसार घेऊ? गाव हसंल मला. दसरा होऊ द्या. तवा घाटकोपरचे दलाल पन येनार हायत."

"दलाल काय करतील, भिकाजीदादा? जागा घेतील, कुंपणाच्या तारा ठोकतील आणि भाव चढायची वाट बघत घाटकोपरलाच बसतील. तुमच्या बांधावर अंधार तो अंधारच." कुंदाने पदर खोचला. "मी पुढच्या दिवाळीत इथे पणती लावीन. एक दिवा दिसला की दुसऱ्याला यायचा धीर होतो. मग बाकीचे तीन प्लॉट तुम्ही मागाल त्या भावाने जातील."

"आनि नाय गेले तर?"

"मी शेजारीच आहे की. रोज सकाळी येऊन शिव्या घाला."

भिकाजीला हसू आलं. दारातून त्याची बायको अंजनाबाई म्हणाली, "अवो, घ्या. बोलनारी शेजारीन हाय. तारांशी काय बोलू मी?"

भिकाजीने छपराकडे पाहिलं. पानावरचा वडा उचलून कावळा केव्हाच शेतापार गेला होता.

"बापाची ना नाय," भिकाजी म्हणाला आणि इसारासाठी हात पुढे केला.

दसऱ्याच्या सकाळी विद्याधरच्या कचेरीतला श्यामकांत मुलुंडला आला, हातात पेढ्यांचा पुडा. बांधावर सुतळी लावून पायाची आखणी झाली होती. दार कुठे येणार त्याचा अजून पत्ता नव्हता, पण कुंदाने तुळस लावून टाकली होती. ती वाकून तिला पाणी घालत होती. भिकाजीने शेजारच्या प्लॉटचा भाव सांगितला, तसा श्यामकांतचा चेहरा उतरला.

"काय हे पाटील? विद्याधरला तर कमीत दिलात."

"तवा हितं शेजार नव्हता," भिकाजीने कुंदाकडे बोट दाखवलं. "आता हाय."

श्यामकांतने विद्याधरकडे पाहिलं. विद्याधरने त्याच्या हातातल्या पुड्याचा दोरा सोडला, एक पेढा तोंडात टाकला.

"घेऊन टाक रे," तो म्हणाला. "मुहूर्त बघत बसलास तर पुढल्या वर्षी ठाण्याला भेटशील."