खाणारा

"वन्सं, नवी मोठी बॅटरी आणलीय ना तुम्ही? मग बसवा की सरळ! कशाला उकरत बसायचं?" वहिनी नाक पुसत म्हणाली. सर्दीने तिचा आवाज पार बसला होता, घोगरा लागत होता.

"खाणारा कोण ते कळल्याशिवाय ताट वाढायचं नसतं," मी म्हटलं. वाक्य माझं नाही, दादाचं. गाड्यांच्या वायरिंगचं काम मला त्यानेच शिकवलं. बंद गाडीची बॅटरी आपोआप उतरायला लागली, की समजायचं, आत काहीतरी चोरून करंट खातंय. आम्ही दोघं त्याला खाणारा म्हणायचो.

दादा गेला त्याला वर्ष होत आलं. त्याआधी त्याने एका जुन्या मालवाहू व्हॅनचं घर केलं होतं. आत पलंग, शेगडी, कपाटं, पलंगाखाली डिझेलचा पण बॅटरीच्या करंटवर पेटणारा हीटर, टपावर सोलर. तो आणि वहिनी मिळून फिरणार होते. फिरायचं राहिलं, आणि ही बाई घराला कुलूप लावून अंगणातल्या व्हॅनमध्ये राहायला गेली. "त्याने ठोकलेला खिळा न् खिळा इथे आहे. मी नाही जायची कुठे," म्हणाली.

पण थंडी पडली आणि रोजचं रडगाणं सुरू झालं. हीटर लावून झोपायचं, थोड्या वेळात बॅटरी खल्लास, हीटर बंद, की सकाळपर्यंत कुडकुडत पडायचं. शेवटी तिच्या मुलाने निर्वाणीचं सांगितलं, आज गाडी दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर विकून टाकू आणि तू माझ्याकडे ये. म्हणून वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या हातात जणू गाडी नाही, दादाच होता.

मी सगळी बटणं बंद केली, मागचं दार उघडलं आणि बॅटरीच्या तारेला मीटरचा चिमटा लावला. सगळं बंद असताना आकडा शून्यापाशी हवा. नव्हता. बरं, एका जागी तरी उभा राहील? तेही नाही. हळूहळू चढायचा, जरा थांबायचा, हळूहळू उतरायचा. झोपलेल्या माणसाचं पोट हलतं तसा. असा खाणारा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मी मीटर बदललं. दुसरंही तेच सांगू लागलं. भर दुपारी अंगावर काटा आला आणि मला माझाच राग आला.

"वहिनी, आत जा," मी म्हटलं. "कपाटामागे फ्यूजची पेटी आहे. एकेक फ्यूज काढ आणि मला ओरडून सांग. ज्याला आकडा पडेल तो चोर."

बॅटरी आणि फ्यूजपेटीच्या मध्ये दादाने घातलेली लाकडी भिंत होती. मला वहिनी दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता.

"काढला!"

आकडा हलला नाही. "पुढचा!"

"काढला!"

पुन्हा तेच. तिसऱ्यालाही तेच. मग आत सामसूम.

"वहिनी, झोप लागली का ग?"

"काढला," आतून आवाज आला. मग पुन्हा "काढला". मग एकामागून एक, भराभर. म्हटलं, वा, हात बसला हिचा!

"राहिले किती आता?"

"एकच."

"मग तोच चोर. काढ."

मीटरवरचा आकडा सावकाश चढत होता.

"अगं, काढ ना!"

"राहू दे."

"राहू दे काय राहू दे! मी इथे काय माशा मारायला बसलेय?"

"राहू दे, ठिणगे."

लहानपणी मी रेडिओची बॅटरी उचकटून भुवई जाळून घेतली होती, तेव्हापासून दादा मला ठिणगी म्हणायचा. एकटा दादा. वहिनीसाठी मी कायम वन्सं, आणि गिऱ्हाइकांसाठी वायरवाली बाई.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. वळून बघते तर वहिनी फाटकाकडून येत होती, हातात फोन.

"मुलाचा फोन होता. आत रेंज नाही, म्हणून बाजूच्या दाराने बाहेर पडले. झालं का, झालं का, त्याचं आपलं सारखं. तीन फ्यूज काढलेत मी, बाकीचे आता काढते." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "काय झालं वन्सं? पांढऱ्याफटक पडलात."

आम्ही आत गेलो. आत कोणी नव्हतं. सगळे फ्यूज पलंगावर ओळीने मांडलेले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत, दादा मांडायचा तसे. पेटीत एकच शिल्लक होता. हीटरचा.

"हे मी नाही केलं," वहिनी कुजबुजली.

हातांना कामाची सवय. मी तो फ्यूज काढला, मागे जाऊन मीटर बघितलं. शून्य. म्हणजे हीटरच्या तारेवरच खाणारा. पलंगाची फळी उचलली आणि तार बोटांनी चाचपत गेले. कुठे कापलेली नाही, कुठे घासलेली नाही. तार धडधाकट होती, पण माझी बोटं काळी झाली.

काजळी होती. हीटरचा धूर गाडीबाहेर नेणारी नळी पट्टीतून निसटली होती आणि पलंगाखालीच तोंड उघडून पडली होती. वरच्या फळीवर, बरोबर वहिनीच्या उशीखाली, काळाकुट्ट डाग होता.

"सकाळी डोकं दुखतं का ग तुझं?"

"रोज. मला वाटलं, सर्दीने."

त्या धुराने माणूस झोपेतच जातो, त्याचं त्यालाही कळत नाही. बॅटरी संपायची, हीटर बंद पडायचा, म्हणून ही रोज सकाळी उठत होती. आणि मी शहाणी, रात्रभर पुरेल अशी बॅटरी घेऊन आले होते!

"पण मी तर थंडीने मरत होते," वहिनी म्हणाली.

"मरत नव्हतीस, बाई. थंडीनेच जगलीस." मग मी तिला सगळं सांगितलं, आवाजाचं, ठिणगीचं. पलंगावरचा एक फ्यूज उचलून तिने मुठीत धरला आणि आम्ही दोघी पोटभर रडलो.

नंतर मी नवी नळी घातली, पट्टी आवळली, विषारी धूर साठला तर कोकलेल असा भोंगा उशाशी बसवला. सगळे फ्यूज परत लावले आणि चिमटा धरला. शून्य. आता चढेल, मग चढेल म्हणून मी उगाच कितीतरी वेळ बसून राहिले.

"गेला का?" वहिनीने विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली. नवी बॅटरी तशीच परत घेऊन आले.

सकाळी तिचा फोन आला. हीटर रात्रभर चालला, डोकं दुखत नाही, मुलाला कळवलं, गाडी विकायची नाही. सगळं चांगलंच सांगत होती, आणि आवाज मात्र भरून आला होता.

"मग रडतेस कशाला?"

"रात्रभर ऊब होती, वन्सं. आणि रात्रभर एकटं वाटलं. एवढी कुडकुडले, पण तसं कधी वाटलं नव्हतं." तिने नाक ओढलं. "तो फॉल्ट परत बसवता येईल का हो?"

"नाही ग," मी म्हटलं. "तेवढं दादाने मला शिकवलं नाही."