शेजाऱ्याच्या मागचा पट्टा

आमच्या आळीत नियम एकच होता. आपल्या घरामागचं गवत आपण काढायचं नाही, शेजाऱ्याच्या मागचं काढायचं. घरं डोंगराला पाठ लावून ओळीने उभी. ऊन तापलं की डोंगरावरचं गवत पेटतं, म्हणून मागे रुंद पट्टा पार माती दिसेपर्यंत खरवडून ठेवायचा. स्वतःच्या मागचं काम माणूस उद्यावर ढकलतो, पण शेजाऱ्याचं राहिलं तर तो दारात येऊन चारचौघांत लाज काढतो. शिंप्याने माझ्या मागचं करायचं, मी नणंदेच्या, दुकानदाराने शिंप्याच्या. भांडणं व्हायची, पण घर कधी जळलं नाही.

यंदा वरच्या ऑफिसातून साहेब आला. गवत काढायचं मशीन पाठवतो म्हणाला, तुम्ही कशाला हात दुखवून घेता? झालं! सगळ्यांच्या जिवावर आलेलंच होतं. मी बोंबलले, "अहो, मशीन येईपर्यंत तरी करा!" तर दुकानदार म्हणतो, "वहिनी, तुम्हाला कष्टाची भारी हौस." सगळी आळी हसली, मग मीही फावडं ठेवून दिलं.

मशीन काही आलं नाही. आग आली.

भर दुपारी डोंगर पेटला आणि वारा आमच्याकडे. आमचे हे सुतार, छपरावरून पडल्यापासून कमरेखाली जीव नाही. मला एकटीला ते उचलवत नाहीत. रस्त्यावर येऊन ओरडले, "अरे, कुणीतरी हात लावा!" कुणी वळूनही बघेना. आत आले तर हे म्हणाले, "तू ताईच्या मागचं कर. तिला दिसत नाही, ती कुठे पळणार? आपल्या मागे शिंपी आहे की."

शिंपी आहे की! या एका भरवशावर मी यांना खाटेवर सोडून फावडं घेऊन पळाले.

नणंदेच्या मागे वेड्यासारखी खरवडत सुटले. तळहात सोलले, धुराने जीव घाबरा झाला. आग आली, मातीपाशी थबकली आणि बसली. तशीच मान वळवली, तर आमच्या छपरातून धूर. ओळीत जो तो आपापल्या घरामागे वाकलेला. शिंपीसुद्धा! माझ्या मागचं गवत मात्र गुडघाभर उंच, तसंच पेटलेलं.

कशी धावले ते माझं मला माहीत. हे कोपरांवर सरपटत उंबऱ्यापर्यंत आले होते. काखेत हात घालून ओढलं, आणि मागे छप्पर खाली आलं.

"ताई?" यांनी विचारलं.

"आहे."

"आणि माझी हत्यारांची पेटी?"

मी जळत्या छपराकडे बघितलं. यांनी तोंड फिरवलं आणि लहान पोरासारखे रडले. पडल्यानंतरसुद्धा हे कधी रडले नव्हते हो.

शिंपी समोर येऊन उभा राहिला. "वहिनी, दुकानदार माझ्या मागे आलाच नाही. मग मी काय करणार?"

"त्याच्या दारात जाऊन भांडायचंस, मेल्या! इतकी वर्षं काय केलं आपण? भांडलोच ना?"

तेवढ्यात वारा फिरला. शिंप्याचा पट्टा अर्धाच झाला होता आणि पलीकडचं गवत धडधडा पेटत येत होतं. तो घराकडे पळायला लागला, तशी मी त्याची कॉलर धरली. "तुझ्या मागचं मी करते. तू दुकानदाराच्या मागे जा. आणि त्याला सांग, पुढच्याच्या मागे जा म्हणावं. नाही गेला तर मी येते."

तो डोळे पुसत दुकानदाराच्या घरामागे गेला.

मी फावडं उचललं. हातातून रक्त येत होतं, दांडा घसरत होता.

"अगं," हे जमिनीवरून म्हणाले, सवयीनेच म्हणाले असतील, "आणि आपल्या मागचं?"

"आपल्या मागचं आता राहू दे," मी म्हटलं, आणि शिंप्याच्या घरामागे गेले.