चौकटींचा कागद

मी माझ्या विद्यार्थिनीच्या घरी प्रश्न विचारून बसलो होतो. प्रतिक्षा दारापाशी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या आईने, मीनाबाईंनी, दिलेला चहा माझ्या हातात निवत होता. समोरच्या भिंतीत एक नवा खिळा होता. त्यावर काहीच टांगलेले नव्हते. मी त्या खिळ्याकडे पाहत राहिलो, कारण मुलीकडे पाहवत नव्हते.

"चित्र काढणं का सोडलंस?" एवढेच मी विचारले होते.

एलिमेंटरी परीक्षेचा अर्ज माझ्या खिशात होता. आज शेवटचा दिवस. दोन वर्षे बंद असलेली ही चित्रकलेची परीक्षा यंदा होणार होती. आणि जिच्या हाताला रेषा आपणहून येई अशी माझी एकमेव विद्यार्थिनी, शाळा उघडल्यापासून, माझ्या तासाला कोरी वही पुढे ठेवून बसत होती.

करोनात शाळा बंद होती तेव्हा चित्रकलेचा तास कुणालाच नको होता. मी हट्टाने चालू ठेवला. स्टुलाला मोबाइल उलटा बांधून त्याखाली रेषा ओढून दाखवल्या. रंग नसलेल्यांना हळद, विटेची पूड, चहाचे पाणी सुचवले. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर चित्रे उतरत, काळवंडलेली, बोटभर. प्रतिक्षाचे मात्र दुपारीच येई. घरातला एकुलता मोबाइल तिच्या वडिलांकडे असे. ते, रत्नदीप, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या मागावर कामाला होते. जेवणाच्या सुट्टीत ही सायकलने फाटकापाशी जाई, आणि ते चित्राचा फोटो काढून मला पाठवत.

दुसऱ्या लाटेत ते गेले.

दोन महिने तिच्याकडून काहीच आले नाही. मग एक स्मरणचित्र आले: मागावर वाकलेला माणूस, तुटलेला धागा जोडणारी बोटे. अंधूक फोटोतही कागदावरच्या बारीक चौकटी दिसत होत्या. फोटोवर चौकटी आखायच्या, तशाच कागदावर आखायच्या आणि घरागणिक चित्र उतरवायचे, ही आमच्या विषयातली जुनी चोरी. त्या दिवशी नव्वद चित्रे तपासायची होती. मी साऱ्या गटात लिहिले, "चौकटी आखून फोटोवरून उतरवले आहे. स्मरणचित्रात नक्कल चालत नाही."

"सर, चहा घ्या की," मीनाबाई म्हणाल्या. मग स्वतःच उठल्या. "तिला काय इचारता? मी दावते."

टॉवेलांच्या घडीखालून त्यांनी एक कागद काढून माझ्या हातात दिला. तेच मागावरचे चित्र, आणि त्याखाली हिरव्या चौकटी. छापील.

"दुकानं बंद हुती तवा. चादरीचं डिझाइन काढत्यात तो कागद हाय ह्यो. तिच्या पप्पांनी कारखान्याच्या रद्दीतनं आनलेला. चौकटी छापूनच येत्यात त्येच्यावर."

खांद्यापासून निघालेली रेषा एका श्वासात मनगटाला येऊन थांबली होती. वाटेतल्या एकाही चौकटीला तिने जुमानले नव्हते. हे मला दिसायला हवे होते. दुसऱ्या कुणाला नाही, मला.

"आन् फोटोवरनं काढायचं तर घरात फोटो पायजे की! ह्यांचा धड एक न्हवता. मोबाइलमदी सगळे आमचेच. काढनारे त्येच, त्ये कुटनं येनार फोटोत?" त्यांनी खिळ्याकडे हात केला. "म्हनून तिनं ह्ये काढलं. तितं लावलं हुतं. तुमचा मेसेज सगळ्या पोरांनी वाचला, आन् तिनंच उतरवून ठेवलं. लई शिकलेले तुमी, सर. चौकटी दिसल्या. येक फोन करून इचारता न्हाय आलं."

"आई, बास की."

त्या घरात मी ऐकलेले प्रतिक्षाचे शब्द तेवढेच.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "ज्या गटात लिहिलं, तिथंच तसं लिहीन. वर्गातही सांगेन. अर्ज राहू दे, परीक्षा राहू दे. प्रतिक्षा, पुन्हा काढशील का गं?"

ती उठली. माझ्या हातातला कागद तिने दोन बोटांनी, कडेने धरून घेतला. पेन्सिलीचे शिसे पुसले जाऊ नये म्हणून असा धरावा, हे मीच त्या उलट्या मोबाइलखाली शिकवले होते. जुन्याच घडीवर घडी घालून, खिळ्याकडे न पाहता, तिने तो टॉवेलांखाली सरकवला, दप्तर खांद्याला लावले, चपला पायात घातल्या आणि बोळात निघून गेली.