यंत्राने खाल्लेली करंगळी

ओडरुनने दार असं आपटलं की चुलीवर वाळत टाकलेले लोकरी हातमोजे खाली पडले. तिचा बाप इंगवाल्ड टेबलापाशी कॉड मासा आणि उकडलेले बटाटे घेऊन बसला होता. त्याच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. मासेमारीच्या होडीवरच्या दोर ओढायच्या यंत्राने ती खाल्ली, ही हकिगत लोफोटेनच्या त्या बेटावर शेंबड्या पोरालाही पाठ होती.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

ओडरुनने आपला तळहात टेबलावर दाबला. अनामिका कमानीसारखी वरच राहिली. "हात सपाट टेकत नाही, म्हणजे आता थांबायचं नाही, म्हणाली."

"ताण दे गं रोज. मी सांगितलं होतं..."

"दोन वर्षं तेच केलं ना मूर्खासारखं! माशाचं तेल चोळलं, शिशाची वजनं बांधली. काडीचा फरक पडत नाही त्याने! कामाने होत नाही हे, बाबा, बहुतेकदा रक्तातून येतं. कातडीखालचा पडदा दोरीसारखा आवळत जातो. वेळेत गेलं तर सुईने नाहीतर ऑपरेशनने बोट सुटतं. उशीर केला की सांधाच आखडतो. मग माझी होडी कोण चालवणार?"

इंगवाल्डने बटाटा पुढे ओढला.

"घरात कुणाला आहे का, विचारलं तिने. मी म्हटलं, छे, बाबांची करंगळी तर यंत्रात गेली, मुळापासून साफ. ती म्हणते, नुसती करंगळी? तीही मुळापासून, इतकी नीट? आता तुम्हीच खरं सांगा, बाबा. यंत्र होतं का?"

"नव्हतं," तो ताटाकडे बघत म्हणाला. "कुऱ्हाड होती. करंगळी तळव्यात रुतली होती. हातमोजा चढेना, गळ अडकायचे. माझ्या बापानेही हेच केलं होतं."

ओडरुनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर नाताळला ती यंत्राचीच हकिगत पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायची!

"माझ्या हाताला गाठ आली तेव्हा ओळखलंत ना? आणि तोंड शिवून बसलात?"

"लाज वाटली गं. आपणच पोरीला हे दुखणं दिलं, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

"लाज तुमची आणि हात माझा! वा रे वा!"

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. बाप डाव्या हातानेच बटाट्याशी झटापट करत होता. उजवा मांडीवर लपलेला.

"उजवा हात वर घ्या. घ्या म्हणते ना!"

हात वर आला. दोन बोटं पार तळव्यात मिटलेली. ओडरुनची नजर दाराशी टांगलेल्या कुऱ्हाडीकडे गेली. पातं नव्या धारेने लखलखत होतं.

"मोसम संपला की करणार होतो," तो पुटपुटला.

तिने कुऱ्हाड उचलली, तरातरा धक्क्यावर गेली आणि समुद्रात भिरकावली. परत येऊन धापा टाकत म्हणाली, "सोमवारी सकाळच्या बोटीने इस्पितळात. दोघांनी जायचं. मोसम गेला खड्ड्यात. आणि यंदा नाताळात हकिगत तुम्ही सांगायची. खरी!"

इंगवाल्डने मान हलवली. ओडरुनने त्याचं ताट ओढून घेतलं आणि तोंडाने त्याचा उद्धार करत बटाटा सोलून दिला.